जुन्या वाहनांतील तुटक वीजपुरवठा

वाहनाचा विद्युत पुरवठा काही क्षण किंवा काही मिनिटे तुटतो आणि कुणी हात न लावता परत येतो, अशा दोषाला तुटक वीजपुरवठा म्हणतात. विदर्भातल्या गॅरेजांत याचे नाव ‘करंट जाणे’. गाडी मिस्त्रीसमोर उभी राहिली की दोष गायब झालेला असतो, म्हणून निदान अवघड. बॅटरी, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र), सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) एकामागून एक बदलूनही गाडी पुन्हा बंद पडते, कारण बहुतेक वेळा बिघाड सांध्यांत असतो: बॅटरीचे टर्मिनल, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी), कपलर (तारा जोडणारा प्लग), फ्यूजची पकड, अर्थिंगचा (ऋण तार गाडीच्या धातूला जोडणारा) बोल्ट.

काळी-पिवळी जीपा, मालवाहू टेम्पो आणि ट्रॅक्टर यांत हा दोष जास्त आढळतो. पांदण रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. बॉनेटखाली त्याहून तापते, तारांवरच्या टेपचा डिंक सुटतो आणि तापलेला सांधा सैलावतो. पावसाळ्यात ओल शिरून तांब्यावर हिरवट थर चढतो. पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगाजवळ महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. शिवाय नंतर बसवलेले हॉर्न, एलईडी दिवे आणि गाण्यांचा टेप यांसाठी मूळ तार सोलून मारलेले जोड असतातच. माझ्या मते निम्मी डोकेदुखी या जोडांची.

चौकशी ड्रायव्हरपासून सुरू करावी. ‘खड्ड्यात गेली का मरते, मंग आपोआप चालू होते’ एवढ्या वाक्यात सैल सांध्याची खूण मिळते. दुपारीच होते, थंड झाल्यावर नाही, असे सांगितले तर उष्णतेने उघडणारा सांधा किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) पाहावा. नेमके काय गेले, हेही विचारावे. यांत्रिक इंधनपंपाच्या आणि ओढायच्या खटक्याने बंद होणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही. दिवे जातात, इंजिन चालूच राहते. इंधन रोखणारा सोलेनॉइड विजेवर असेल तर मात्र इंजिनही थांबते. पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलचा पुरवठा गेला की ठिणगीच पडत नाही.

मीटर इथे फसवतो. बारा धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी मल्टिमीटर 12.6 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ प्रवाह ओढत नाही. हेडलाइट लावून मोजले की खरे कळते. एखाद्या सांध्यात 0.1 ओहमचा अडथळा असला, तर 5 अँपिअरच्या दिव्याला अर्धाच व्होल्ट कमी पडतो. शेकडो अँपिअर मागणारा सेल्फ तेवढ्यानेच नुसता टिकटिकतो. म्हणून सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा धातू यांमधला फरक मोजावा. साधारण 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंग संशयास्पद. इंजिन रबरी माउंटवर बसते, त्यामुळे त्याला स्वतंत्र अर्थिंगची तार हवीच. ती तुटली की प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

दोष रस्त्यावरच येत असेल तर दोन छोट्या बल्बांची युक्ती सर्वांत भरवशाची. एक बल्ब चावीच्या स्विचमध्ये बॅटरीकडून येणाऱ्या तारेला, दुसरा स्विचमधून निघणाऱ्या तारेला जोडावा, दोघांची ऋण टोके थेट बॅटरीवर न्यावीत आणि वाटेत लहान फ्यूज घालावा. बल्ब डॅशबोर्डवर टांगून नेहमीच्या रस्त्याने गाडी न्यावी. परतवाडा–धारणी रस्त्याच्या वळणांत करंट गेला आणि दोन्ही विझले, तर टर्मिनल, मुख्य तार किंवा बॅटरीच. दुसराच विझला तर स्विच. जड किल्ल्यांचा जुडगा लोंबून स्विचचे संपर्क झिजलेले असतात. दोन्ही जळत असूनही गाडी मेली, तर पुढचे फ्यूज, कपलर किंवा अर्थिंग.

यानंतर इंजिन बंद ठेवून, दिवे लावून, तारांचा जुडगा वीतभर टप्प्याने हलवत जावे. काळवंडलेला फ्यूज होल्डर बोटाला गरम लागतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची सवय अजून आहे. तिने दोष लपतो आणि आगीचा धोका वाढतो.

अल्टरनेटर तपासायला चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहणे हा गावोगावचा जुना रिवाजही सोडावा, कारण उसळलेल्या व्होल्टेजने डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात. टोके जागच्या जागी ठेवून मोजले तरी पुरते: इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत.

बॅटरीच्या आतला जोडही तडकतो. उन्हाळ्यात पाणी आटले की विहिरीचे पाणी टाकतात, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. वरून टर्मिनल चकचकीत, पण धक्का बसला की सगळेच गप्प, असे असेल तर दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून दोन दिवस पाहावे. दुरुस्तीनंतरही ते दोन बल्ब आठवडाभर काढू नयेत.