पोर्टेबल एसीला खिडकी लागते

भाड्याच्या घरासाठी एसी शोधणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘पोर्टेबल घ्या, भिंत फोडायला नको, खिडकीही नको, कूलरसारखा कुठेही ठेवा.’

भिंत फोडावी लागत नाही, हे खरं. खिडकीचं मात्र तसं नाही. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. १ टनाचं यंत्र साधारण ३.५ किलोवॅट उष्णता उपसतं, आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते. ही सगळी बेरीज मागच्या जाड पाइपातून बाहेर पडते. पाइप खोलीतच सोडला तर पुढून गार वारा लागतो, म्हणून फसायला होतं. पण खोली एकंदरीत तापतच जाते. फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार होत नाही, तसंच.

पडताळायचं असेल तर दुकानात यंत्र सुरू करायला सांगा आणि पाइपाच्या तोंडाशी हात धरा. घरी असेल तर दारं लावून, पाइप आत ठेवून अर्धा तास चालवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला थर्मामीटर ठेवून पाहा.

एकच पाइप असलेलं यंत्र खोलीतलीच हवा बाहेर फेकतं. बंद दाराच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला जाईल. तेवढी बाहेरची गरम हवा आत येतेच. म्हणून शक्यतो दोन पाइपांचं मॉडेल बघा (दुसरा पाइप लागणारी हवा बाहेरूनच घेतो), आणि त्याआधी खिडकीचं माप घ्या. सरकत्या काचेच्या खिडकीत पाइप अडकवायची पट्टी बसते. लोखंडी जाळी असेल तर घरमालकांशी आधीच बोला.