तीन पांढऱ्या शिरांमागची मोजणी

ज्वारीच्या दोन-चार वाणांची पानं शेजारी धरली की एक फरक चटकन डोळ्यांत भरतो. काहींची मधली शीर पांढरीशुभ्र असते, काहींची मळकट हिरवट. त्यावरून ताट न मोडताही आतलं सांगता येतं: पांढरी शीर असेल तर ताट आतून कोरडं, मळकट असेल तर रसाळ. पांढरेपणा म्हणजे मेलेल्या पेशींत भरलेली हवा. ज्वारीतलं एक जनुक गाभ्यातल्या पेशींना मरायला लावतं. ते बिघडलेलं असलं की पेशी जिवंत राहतात आणि रस टिकतो. प्रत्येक रोपात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. चालू प्रत एक असली तरी काम भागतं, म्हणून कोरडेपणा प्रभावी आणि रसाळपणा अप्रभावी.

शाळेत हा धडा वाटाण्यावर शिकवतात. सोलापूरकडच्या पोरांनी वाटाणा बघितलेला असतो तो भाजीत. ज्वारीच्या रानात मात्र ती वाढलेली असतात. म्हणून ज्वारीवरच बोलू.

कोरड्या प्रतीला ‘को’ म्हणू, रसाळ प्रतीला ‘र’. शुद्ध कोरड्या वाणाचा (को-को) शुद्ध रसाळ वाणाशी (र-र) संकर केला तर पहिल्या पिढीतलं प्रत्येक रोप को-र होतं आणि सगळ्यांच्या शिरा पांढऱ्या निघतात. या रोपांच्या कणसांवर फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या चढवायच्या, म्हणजे परका पराग येत नाही. त्यांचं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत रसाळ ताटं परत दिसतात, साधारण चारात एक. आईकडून को किंवा र, बापाकडून को किंवा र, अशा चार जोड्या सारख्याच शक्यतेच्या: को-को, को-र, र-को, र-र. डोळ्यांना दिसतं ते ३:१, हे फिनोटाइपचं गुणोत्तर. आतल्या प्रती मोजल्या तर १:२:१, हे जीनोटाइपचं.

परीक्षेत ही दोन गुणोत्तरं पाठ करून मार्क मिळतात. त्यांच्यामधली फट मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. पांढऱ्या शिरेच्या तीन ताटांतलं एकच शुद्ध असतं, उरलेल्या दोघांच्या पोटात ‘र’ दडलेला असतो. वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने हे ताडून पाहिलं होतं. त्याच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे निघाले. मग त्याने गोल दाण्यांपासून वाढवलेली ५६५ रोपं तपासली. १९३ रोपांना फक्त गोल दाणे आले, ३७२ रोपांना दोन्ही प्रकारचे. म्हणजे दिसायला सारख्या असलेल्या गोलांत एकास दोन अशी फूट होती. १८६६ साली छापलेल्या त्या निबंधातला हा भाग मला ३:१ पेक्षाही मोलाचा वाटतो.

निवड करणाऱ्याला यातून एक उलटाच धडा मिळतो. अप्रभावी गुण दिसला की शंकेला जागा नाही: मळकट शिरेचं ताट र-र च असणार. पांढऱ्या शिरेवर तसा भरवसा ठेवता येत नाही. तिची खात्री करायची तर रसाळ ताटाशी संकर करावा. संतती निम्मी-निम्मी निघाली तर ते को-र; सगळी पांढऱ्या शिरेची निघाली तर बहुधा को-को. ‘बहुधा’ म्हणायचं कारण संख्येत आहे. काही गुणांसाठी मेंडेलने एकेका रोपाच्या स्वपरागणातून (स्वतःच्याच परागातून) आलेल्या दहाच बिया पेरून निकाल दिला होता. संकरित रोपाच्या दहाही बिया प्रभावी निघण्याची शक्यता सुमारे ५.६ टक्के, म्हणजे शंभरातली पाच-सहा संकरित रोपं शुद्ध म्हणून खपून जाणार. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. वीस बिया पेरल्या तर ही चूक तीनशेत एकावर येते.

गुणोत्तराला कोटा समजणं हा दुसरा घोळ. मेंडेलच्या एका वाटाण्याच्या वेलावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले दाणे होते, तर दुसऱ्यावर १४ आणि १५. ३:१ उमटलं ते हजारो दाण्यांच्या बेरजेत. दवाखान्यात हाच गैरसमज महागात पडतो. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघंही त्याचे वाहक असतील, म्हणजे दोघांतही एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दर वेळी हिशोब नव्याने सुरू. आणि अशा घरातलं जे मूल ठणठणीत आहे, ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. मेंडेलच्या गोल दाण्यांचंच गणित ते.

आता बियाण्याकडे येऊ. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण शेतकरी घरचंच बी ठेवून पेरत आले. ज्वारीत बहुतांश परागण त्याच कणसात होतं, आणि स्वपरागणात दर पिढीला को-र सारख्या मिश्र जोड्या निम्म्या होत जातात. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्या पिढीत २५, आठव्या पिढीत एक टक्क्याच्याही आत. शुद्ध झालेला वाण मुलातही तसाच उतरतो. संकरित बियाण्याचं तसं नाही. त्याचं पीक पहिल्या पिढीचं असतं, म्हणून एकसारखं दिसतं. तेच बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं की उंची, कणीस, पक्वता सगळं फुटतं. कंपनीने काहीतरी मिसळलं, असा संशय पारावर व्यक्त होतो, पण दरवर्षी नवं बी घ्यायला लावणारं कारण त्या जोड्यांतच असतं.

डाळिंबाची तऱ्हा आणखी वेगळी. सांगोल्याकडच्या बागांत भगवा हा वाण लावायचा तर कोणी दाणे पेरत नाही, गुटी कलम करतात, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून तिचंच रोप बनवतात. भगव्याच्या झाडातही कितीतरी जोड्या मिश्र आहेत; दाण्यातून आलेलं रोप आईसारखं निघेल याचा नेम नाही, गुटीत मात्र तोच जीनोटाइप जसाच्या तसा पुढे जातो. संकरातून नवा वाण काढणाऱ्याला दाण्यांच्या वाटेनेच जावं लागतं. ज्वारीची शीर काही आठवड्यांत कळते, पण डाळिंबाच्या दाण्याचा रंग आणि गोडी कळायला रोपाला फळ धरेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर शेकडो रोपं पाणी घालून सांभाळावी लागतात.