गावाच्या नावाची चौकट आणि मराठी अक्षरांची मोजणी

फॉर्ममध्ये गावाचे नाव लिहायला घेतले आणि खाली यादी उघडली नाही, किंवा भलतीच उघडली, की 'सर्व्हर डाउन आहे' म्हणून लोक मोकळे होतात. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. गोंधळ उडतो तो ब्राउझरमध्येच, कळ दाबल्यापासून यादी दिसेपर्यंतच्या सेकंदभरात. नाव मराठीत लिहिले जात असेल तर गोंधळाच्या जागा आणखी वाढतात.

उदाहरणाला जेक्वेरी यूआय या टूलकिटमधला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या तयार कोडच्या संचातला, ऑटोकम्प्लीट घेऊ. लिहिता लिहिता खाली सूचनांची यादी दाखवतो तो हाच. २०१० साली १.८ आवृत्तीत तो आला. आज या टूलकिटची फक्त देखभाल चालते, पण वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीसोबत ते अजूनही येते आणि त्याचा कोड वाचून कळेल इतका सरळ आहे. साधी इनपुटची चौकट घ्यायची, तिच्यावर ऑटोकम्प्लीट लावायचा आणि तीन गोष्टी ठरवायच्या. सूचना कुठून आणायच्या तो सोर्स, किती अक्षरांनंतर शोध सुरू करायचा ती मिनलेंग्थ आणि टायपिंग थांबल्यावर किती वेळ वाट पाहायची तो डिले. काहीच सांगितले नाही तर मिनलेंग्थ १ आणि डिले ३०० मिलिसेकंद धरला जातो.

आधी डिले पाहू. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर 'कोल्हापूर' लिहायला नऊ कळा लागतात: क, ो, ल, ्, ह, ा, प, ू, र. प्रत्येक कळेला सर्व्हरकडे विचारणा गेली तर एका नावापायी नऊ फेऱ्या होतील. म्हणून प्रत्येक कळेसरशी टूलकिट आधीचा टायमर रद्द करून नवा लावते. शेवटचा प्रवासी चढेपर्यंत एसटीचा कंडक्टर डबल बेल देत नाही, तसेच हे. दोन कळांमध्ये १५० मिलिसेकंदांचे अंतर असेल तर शेवटची कळ १२०० व्या मिलिसेकंदाला पडते आणि विचारणा एकच जाते, १५०० व्या मिलिसेकंदाला.

आता हेच नाव एकेक कळ शोधत, ४०० मिलिसेकंदांच्या अंतराने लिहिले जात आहे असे समजा. प्रत्येक वेळी टायमर पुढच्या कळेआधीच संपतो आणि नऊच्या नऊ विचारणा जातात. म्हणजे सावकाश लिहिणाऱ्याला डिलेचा काहीच उपयोग होत नाही, आणि मराठी टायपिंगची सवय नसलेले बहुतेक जण सावकाशच लिहितात. डिले वाढवून ८०० केला तर सराईत हाताला फॉर्म मंद वाटू लागतो. ३०० हा आकडा तडजोडीचा आहे. यादी पानातच भरलेली असेल आणि सर्व्हरला विचारायचेच नसेल, तर मात्र डिले बेधडक शून्य ठेवावा.

एकाहून अधिक विचारणा वाटेत असल्या की क्रमाचा प्रश्न येतो. 'सा' ची यादी मोठी असते, ती यायला वेळ लागतो. 'सांगो' ची छोटी, ती लगेच येते. चौकटीत 'सांगो' आहे, खाली सांगोला दिसते आहे आणि तेवढ्यात 'सा' चे उशिरा आलेले उत्तर त्यावर सातारा, सावंतवाडी पसरते. जेक्वेरी यूआय प्रत्येक विचारणेला चढता क्रमांक देते आणि सर्वांत ताज्या क्रमांकाखेरीज आलेले उत्तर टाकून देते. हातानेच कोड लिहिणाऱ्यांकडून नेमका हाच क्रमांक राहून जातो. सर्व्हरला विचारण्याची ब्राउझरची फेच ही सोय वापरत असाल तर तिच्या जोडीच्या अबॉर्ट कंट्रोलरने जुनी विचारणा तोडता येते, पण तोडल्यावर येणारी एरर ओळखून गिळायला हवी, नाहीतर वापरणाऱ्याला विनाकारण 'काहीतरी चुकले' असा निरोप दिसतो.

सोर्स म्हणून स्वतःचे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) दिले असेल तर आणखी एक पथ्य आहे. सर्व्हरकडून एरर आली तरी रिस्पॉन्स हे कॉलबॅक, म्हणजे उत्तर परत देण्यासाठी टूलकिटने दिलेले फंक्शन, बोलवायचेच, रिकामी यादी देऊन का होईना. ते राहिले तर टूलकिटच्या हिशेबी विचारणा प्रलंबितच राहते आणि चौकटीतले गोल फिरणारे चिन्ह थांबत नाही.

आता मिनलेंग्थ. जावास्क्रिप्टला 'अक्षर' ही कल्पना नाही, ती यूटीएफ-१६ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीतली एककं मोजते. देवनागरीत व्यंजन, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे एकक. त्यामुळे 'क्षि' ची लांबी चार भरते आणि 'त्र्यं' ची सहा. मिनलेंग्थ ३ ठेवून आपण तीन अक्षरांची वाट पाहत आहोत असे वाटते. त्र्यंबकेश्वर लिहिणाऱ्याचे पहिले अक्षरही पुरे होण्याआधी विचारणा गेलेली असते. चौकटीत जास्तीत जास्त किती लिहिता येईल ती मर्यादा, म्हणजे मॅक्सलेंग्थ, तिचेही तेच. 'ज्ञानेश्वर' दिसायला चार अक्षरे, लांबी दहा. नावाच्या रकान्याला आठची मर्यादा असेल तर 'ज्ञानेश्' वर टाइप करणे खुंटते आणि शेवटी लोंबता हलन्त उरतो.

अक्षरे मोजायला ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर हे तयार साधन आहे, पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्यामुळे जुना ब्राउझर 'क्षि' ला दोन म्हणतो, नवा एक. त्यापेक्षा स्वतःचा हिशेब सोपा आहे: व्यंजने आणि स्वतंत्र स्वर मोजा आणि ज्या हलन्तापुढे व्यंजन आहे असा प्रत्येक हलन्त वजा करा. 'कोल्हापूर' मध्ये पाच वजा एक, म्हणजे चार. 'ज्ञानेश्वर' मध्ये सहा वजा दोन, पुन्हा चार. मग मिनलेंग्थ १ च ठेवायची, ऑटोकम्प्लीटच्या सर्च या इव्हेंटमध्ये, म्हणजे शोध सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर, हा हिशेब करायचा आणि आकडा कमी असेल तर फॉल्स ('नाही') परत करून शोध रद्द करायचा. तिथेच यादी बंद करणारे क्लोजही बोलवायचे. ते विसरले तर अक्षरे खोडत मागे आल्यावर जुनी यादी उघडीच राहते. मर्यादा दोनची ठेवावी; तीनची ठेवली तर 'वाई' कधीच सापडणार नाही.

मोजणी सुधारली तरी जुळणी हुकू शकते. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत ऱ, म्हणजे युनिकोडमधला २३५३ क्रमांक, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही. लांबी एकीकडे सहा, दुसरीकडे सात, आणि संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारे नॉर्मलाइझ हे फंक्शन इथे पुरे पडत नाही. र आणि खालचा नुक्ता (टिंब) यांचे ते ऱ करते, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. म्हणून आधी नॉर्मलाइझ, मग दुसरी पद्धत शोधून तिच्या जागी पहिली, ही प्रक्रिया टाइप केलेल्या शब्दावर आणि साठवलेल्या यादीवर, दोन्हीकडे चालवायला हवी. 'कराड' हे रूप तर वेगळी नोंद म्हणूनच ठेवावे लागते. पिनकोडच्या रकान्यात '४१६००१' आले तर आधी प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा करून तो इंग्रजी अंक करावा, कारण जावास्क्रिप्टचा नंबर मराठी अंकांना 'हा आकडा नाही' असेच उत्तर देतो.

यादीतून गाव निवडले की त्याचा सांकेतिक क्रमांक सहसा एका लपलेल्या रकान्यात ठेवतात. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. एखाद्याने यादीतून पिंपळगाव निवडले, मग मन बदलून चौकटीतले नाव हातानेच बदलले आणि पुढच्या रकान्यावर गेला. चौकटीत नवे गाव, लपलेल्या रकान्यात क्रमांक पिंपळगावचाच. यावर उपाय म्हणजे मजकूर बदलून चौकट सोडल्यावर येणारा चेंज हा इव्हेंट. त्यात यूआय-आयटम, म्हणजे यादीतून निवडलेली नोंद, नल (रिकामी) असेल तर नाव यादीतून घेतलेले नाही, म्हणून लपलेला रकाना तिथल्या तिथे रिकामा करावा.

'आमच्या फॉर्मवर जावास्क्रिप्टची तपासणी आहे, त्यामुळे तो शंभर टक्के सुरक्षित' ही जाहिरात कोणी केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती टाळून थेट सर्व्हरला हवी ती माहिती पाठवणे कोणालाही जमते, म्हणून सर्व्हरने सगळे पुन्हा तपासलेच पाहिजे. यादीतला जुळणारा भाग ठळक करण्यासाठी यादीतली प्रत्येक ओळ रचणारे रेंडरआयटम बदलून एचटीएमएल (वेबपानाची मांडणी सांगणारी भाषा) घुसवण्याची सवयही धोक्याची. मुळात टूलकिट नाव निव्वळ मजकूर म्हणून दाखवते. ते एचटीएमएल म्हणून दाखवू लागलात तर कोणीतरी साठवलेल्या नावातली स्क्रिप्ट प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालेल.

शेवटची गोष्ट अंध वापरणाऱ्यांसाठी. यादी उघडली की जेक्वेरी यूआय न दिसणाऱ्या एका भागात किती सूचना आल्या ते लिहिते आणि स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. ते वाक्य मुळात इंग्रजीत असते. मेसेजेस या पर्यायात नोरिझल्ट्ससाठी 'एकही गाव सापडले नाही' असे वाक्य द्यावे, आणि रिझल्ट्ससाठी आलेला आकडा घेऊन 'गावे सापडली, वर-खाली बाणांनी निवडा' असे वाक्य तयार करणारे फंक्शन. एकच गाव सापडले तर 'गाव सापडले' म्हणण्याची अट त्याच फंक्शनमध्ये घालावी.