लेक लातूरला गेली अन् बोक्याचं घर हललं

आमची लेक जूनमध्ये अकरावीच्या क्लाससाठी लातूरला गेली. चौथ्या दिवशी सोन्यानं तिच्या वाकळेवर मुतून ठेवलं. सात वर्षांचा बोका, वाळूचं घमेलं सोडून आजवर कुठं गेला नव्हता.

"मुद्दाम केलंय. लेकरू गेलं म्हणून राग काढतंय ते," सासूबाई म्हणाल्या.

वाकळ धुणं भाग होतं. पण मी तिची उशी, चादर, जुने कपडे सगळंच धुतलं आणि खोली फिनाईलनं पुसून काढली. दुसऱ्या दिवशी सोन्या कपाटामागं जाऊन बसला, बशीला तोंड लावेना. चूक माझी होती.

यात राग नसतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ३२ मांजरांची ७७ आठवडे नोंद ठेवली. त्यातली १२ निरोगी होती, २० जणांना मूत्राशयाचं जुनाट दुखणं होतं. सांभाळणारा माणूस बदलला किंवा जेवणाची वेळ चुकली, की कमी खाणं, घमेल्याबाहेर घाण करणं वाढायचं. २०११ साली छापून आलेल्या या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की निरोगी मांजरंही आजारी मांजरांसारखीच बिघडली. म्हणजे नुसता दिनक्रम मोडला तरी मांजराचं अंग बोलायला लागतं.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे एकट्यानं शिकार करणारं रानमांजर. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी ते पश्चिम आशियात धान्याच्या कोठारांजवळ माणसाच्या आसऱ्याला आलं. त्याला कळपाचा आधार नाही. आपला इलाखा ओळखीचा असणं हाच आधार. मांजर खाटेच्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासतं, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथं लागतो. 'हे आपलं' अशी ती खूण असते. माझ्या फिनाईलनं त्या सगळ्या खुणा एका दुपारी पुसल्या.

फिनाईलचं आणखी एक. त्यात असू शकणारी फिनॉल जातीची द्रव्यं निकामी करणारं एक विकर (एन्झाइम) मांजराच्या यकृतात नीट तयारच होत नाही. ओल्या फरशीवरून चालायचं आणि पंजे चाटायचे, एवढ्यानंही विषबाधा होऊ शकते. मांजर असलेल्या घरात साबणाचं पाणी आणि ऊन पुरे.

'मांजर घराला जीव लावतं, माणसाला नाही' असं आपल्याकडं म्हणतात. ते अर्धंच खरं. जपानमध्ये साहो ताकागी यांनी २०२१ साली दाखवलं, की मालकाचा आवाज एका ठिकाणाहून येऊन लगेच भलत्याच ठिकाणाहून आला, तर मांजर चकित होतं. आपलं माणूस कुठं आहे, याचा हिशोब ते मनात ठेवतं.

लेक सोन्याला सकाळी सहाला खायला द्यायची, मी आठला द्यायला लागले होते. मी पुन्हा सहावर आले आणि मग रोज दहा-पंधरा मिनिटांनीच वेळ पुढं सरकवली. तिनं न धुतलेली एक ओढणी पाठवली, ती त्याच्या जागेवर अंथरली. दिवेलागणीला दोरीशी खेळ आणि लगेच जेवण. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात २०१४ च्या अभ्यासात १९ नव्या मांजरांपैकी १० जणांना लपायला पेटी दिली होती. ती पहिल्या काही दिवसांतच निवळली, बाकीच्यांना जवळपास दोन आठवडे लागले. आमच्या आजोळच्या माळवदाच्या घरात देवळ्या होत्या, कणगीमागं आडोसा होता. स्लॅबच्या घरात तो आपण द्यावा लागतो.

बीडकडं दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, मागं आजी आणि मांजर राहतात. तिथं निघायच्या पंधरा दिवस आधीपासूनच मांजराचं खाणं आजीच्या हातून सुरू करावं.

मात्र बोका वारंवार बसून कुंथतोय आणि लघवीचा थेंब येत नाही, तर वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. दोन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. त्यालाही लगेच पशुवैद्याकडं न्या. आणि घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. मांजराला ती मारक आहे.

दिवाळीला लेक चार दिवस येईल. सोन्याला खायला मीच देणार, असं तिला आत्ताच सांगून ठेवलंय. ती रुसली फोनवर.