आईच्या वहीतली एक ओळ

समजा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारा आजार, असलेला पाच वर्षांचा मुलगा आहे. आठवडाभर त्याचे पाय लाकडासारखे ताठ झालेत, रात्री झोप नाही. फिजिओथेरपिस्ट स्ट्रेचिंग वाढवायला सांगतात. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात, स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाचा डोस थोडा वाढवून पाहू. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. पण आईच्या वहीत एक ओळ असते : ‘शनिवारपासून शी झाली नाही.’ बद्धकोष्ठतेनं पोट दुखतं, आणि अशा मुलांमध्ये कुठलंही दुखणं स्नायूंचा ताठरपणा वाढवू शकतं. पोट साफ झालं की डोस न वाढवताही पाय सैल पडू शकतात. ती ओळ कुठल्याच केसपेपरवर नव्हती.

या आजारात मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण शरीरावरचे तिचे परिणाम वयाबरोबर बदलत राहतात. हाडं वाढतात, ताठ स्नायू तितक्या वेगानं लांबत नाहीत, मग मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीतून सरकू लागतं. सुरुवातीला हे दुखतही नाही, म्हणून ठरावीक काळानं एक्स-रे काढावे लागतात. शिवाय फिट्स, गिळण्याचा त्रास, नजर, बोलणं. पाच-सहा तज्ज्ञ, पाच-सहा फायली. आणि त्या सगळ्या एकत्र येतात त्या आईच्या खांद्यावरच्या पिशवीत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९६७ मध्ये ‘मेडिकल होम’ हा शब्द वापरला, तो याच अडचणीसाठी : मुलाच्या सगळ्या नोंदी एका जागी असाव्यात. पुढे त्यात कुटुंबाला सोबत घेऊन निर्णय करणंही आलं. माझ्या मते खरा बदल तोच.

ऑस्ट्रेलियात आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. सेरेब्रल पाल्सी असलेली ३६ मुलं होती. थेरपिस्टनी व्यायामांचा कागद हातात दिला नाही; मुलाला काय जमायला हवं हे आधी घरच्यांना ठरवू दिलं, मग घरात रोज होईल असा सराव बसवून दिला. आठ आठवडे हा सराव केलेल्या मुलांची प्रगती, असा कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त होती. चमचा स्वतः धरणं हे घराला हवं असेल, तर त्याचा सराव रोज जेवताना आपसूक होतो.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. अंगणवाडी आणि शाळांतल्या तपासणीत सापडलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली असावेत, ही त्यामागची कल्पना फार मोलाची आहे. पण छत एक असलं तरी बोलणं एकत्र व्हायला हवं, आणि त्या बोलण्यात पालकांना खुर्ची हवी.

एक धोका मात्र आहे. ‘कुटुंबाचा सहभाग’ म्हणत सगळं ओझं आईवरच टाकलं जातं : तारखा लक्षात ठेवा, रिपोर्ट आणा, एका डॉक्टरांचा निरोप दुसऱ्यांना द्या. हे काम केंद्रातल्या एका ठरलेल्या माणसाचं असलं पाहिजे, ज्याचा फोन नंबर घरात भिंतीवर लिहिलेला असेल. घरच्यांनी सांगायचं ते फक्त त्यांनाच दिसतं तेवढं. फिट किती वाजता आली, किती मिनिटं टिकली, औषधानंतर किती वेळ गुंगी होती. शक्य असेल तर मोबाइलवर फिटचा व्हिडिओ. आणि ही वही बाबांनी, आजीनंही लिहावी. शीची तारीख लिहायला आईच कशाला लागते?