कीटकदंशावरील घरगुती उपचार (ग्रामीण विदर्भ)

मधमाशी, गांधीलमाशी, मुंगळा, केसाळ अळी, गोम, विंचू इत्यादींच्या दंशावर दवाखान्यात जाण्यापूर्वी किंवा तेथे न जाता घरीच केले जाणारे उपचार. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने विंचू हा अष्टपाद आणि गोम बहुपाद असल्यामुळे दोन्ही कीटक नव्हेत. परंतु गावात त्यांच्यावर हाताशी असलेले उपाय तेच असल्याने त्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

विदर्भात दंशाचे प्रसंग शेताच्या आणि जंगलाच्या कामाला बांधलेले असतात. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचताना किंवा तेंदूपाने तोडताना आग्यामोहोळ उठते. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरताना, पऱ्हाट्यांचा ढीग हलवताना किंवा गोवऱ्या काढताना विंचू डसतो. सोयाबीन सोंगताना आणि धुऱ्यावरचे गवत कापताना अळी किंवा गांधीलमाशी हाताला लागते. त्यामुळे पहिला उपचार बहुधा वावरातच होतो आणि तोही जवळ जे असेल त्याने, म्हणजे खिशातल्या डबीतला चुना, शिदोरीतला कांदा, विळ्याचे पाते किंवा बांधावरचा आघाडा.

चुन्याचा वापर सर्वांत जास्त. मधमाशीचे विष आम्लधर्मी म्हणून तिला चुना आणि गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणून तिला लिंबू, असे त्याचे समर्थन शिकलेली माणसेही करतात. हे समर्थन टिकत नाही. वेदना मुख्यतः विषातील प्रथिनांमुळे होते आणि ते विष कातडीच्या आत टोचले गेलेले असते, तेव्हा वरून लावलेल्या लेपाने त्याचे उदासिनीकरण होत नाही. ओला चुना क्षणभर थंड लागतो हे खरे, पण तो दाहकही आहे. लहान मुलाच्या नाजूक कातडीवर तो वाळेपर्यंत ठेवल्यास दंशापेक्षा चुन्याचीच जखम मोठी होऊ शकते. राकेलबद्दलही हेच म्हणता येईल.

विंचवावर चिंचोक्याचा उपाय प्रसिद्ध आहे. चिंचोका दगडावर पाणी घालून घासतात. वरचे तपकिरी टरफल जाऊन आतला पांढरा भाग दिसू लागला की तो गरम असतानाच डंखाच्या जागी टेकवतात. तो चिकटून बसतो आणि काही वेळाने आपोआप गळून पडतो. तो पडला म्हणजे विष ओढले गेले, असे समजतात. प्रत्यक्षात घासल्याने ओला आणि चिकट झालेला चिंचोका वाळला की सुटतो. आपल्याकडच्या बहुतेक विंचूदंशांत वेदना काही तासांत स्वतःच ओसरते आणि तिचे श्रेय चिंचोक्याला, आघाड्याच्या मुळीला किंवा ‘उतरवणाऱ्या’ मांत्रिकाला मिळते. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचा दंश सहसा दुखण्यापुरताच असतो; धोका आकाराने लहान असलेल्या लाल विंचवाचा. त्याच्या विषाने दरदरून घाम, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचणे असा क्रम लागू शकतो, आणि मुलांमध्ये तो वेगाने लागतो. अशा रुग्णांना प्राझोसिन हे औषध देण्याची पद्धत महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांच्या कामामुळे रूढ झाली. म्हणून मूल विंचवाने डसले असेल, तर चिंचोका घासण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. विंचू, साप किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असल्याने ती विषाच्या पिशवीसह कातडीत रुतून राहते आणि माशी गेल्यावरही पिशवी विष सोडत राहते. तेव्हा ती नखाने खरवडून किंवा चिमटीने, जमेल तशी पण ताबडतोब काढावी. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, ती पुन्हा पुन्हा डसते आणि मागे सहसा काही राहत नाही. जागा साबणाने धुऊन माठातल्या पाण्यात भिजवलेला फडका, बर्फ मिळाल्यास तो कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. हाताला डसले असल्यास सूज चढण्याआधी अंगठी व बांगड्या, पायाला असल्यास जोडवी काढून घ्यावीत; नंतर ती कापावी लागतात. चिरा देणे, तोंडाने चोखणे किंवा दोरीने आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. घोणस अळीसारख्या काटेरी अळीचा स्पर्श झाल्यास ती जागा चोळण्याचा मोह होतो, पण त्याने काटे आणखी आत जातात. त्याऐवजी चिकटपट्टी हलकेच दाबून ओढावी. पट्टीवर बारीक काटे चिकटून आलेले उजेडात दिसतात.

आग्यामोहोळ उठल्यावर उपचारापेक्षा पळणे महत्त्वाचे, कारण डसलेल्या जागेतून सुटणारा वास इतर माश्यांना तेथेच बोलावतो. झाडाखाली पेटवलेली चूल किंवा मसणवटीतला चितेचा धूर पोळ्यापर्यंत गेल्याने जमाव सापडतो. शेकडो दंश झाल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. याउलट ज्याला वावडे आहे, त्याला एकच दंश पुरतो: अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणे, श्वास कोंडणे, भोवळ. येथे अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनाला घरगुती पर्याय नाही.

काही दंश मात्र दुखतच नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्यावर उपचारही होत नाही. पावसाळ्यात गवतातल्या चिगर माइट या अतिसूक्ष्म अष्टपादाच्या अळ्या चावल्याने स्क्रब टायफस हा ताप होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे अनेक रुग्ण आढळले. चावा कळत नाही, काही दिवसांनी ताप चढतो, आणि चाव्याच्या जागी विडीने भाजल्यासारखी काळी खपली धरते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने हा ताप लवकर उतरतो, पण ती खपली पुष्कळदा काखेत, जांघेत किंवा करदोड्याखाली असते आणि मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही.