धुराची कॉइल आणि बिनधुराचं मशीन

पावसाळा लागला की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या किराणा दुकानात एकच प्रश्न: डासांसाठी कॉइल देऊ की मशीनमधलं लिक्विड? आजीचा कौल लिक्विडला. "धूरच नही, मंग काय व्हस?" म्हणते. खरा घोळ तिथेच आहे.

दोन्हींतलं औषध एकाच कुळातलं, पायरेथ्रॉइड. कॉइलमध्ये ॲलेथ्रीन किंवा मेपरफ्लुथ्रीन, लिक्विडमध्ये बहुतेक ट्रान्सफ्लुथ्रीन. कपाशीवर मारतो ते सायपरमेथ्रीनही यांच्याच भावकीतलं. शेतात फवारताना तोंडाला रुमाल बांधणारा माणूस रात्री खिडक्या लावून त्याच भावकीत झोपतो! मात्रा अर्थात कितीतरी कमी असते, आणि आपलं शरीर हे औषध लवकर मोडून बाहेर टाकतं. तरी दमेकऱ्याला आणि तान्ह्या बाळाला बंद खोलीत त्रास होऊ शकतो, मग धूर असो की नसो.

कॉइलचं दुखणं औषधापेक्षा जळण्यात जास्त आहे. तिच्यात औषध चिमूटभर, बाकी भुसा आणि करवंटीची पूड. सकाळी स्टीलच्या ताटलीत राखेचं वेटोळं उरतं; उरलेलं रात्रभरात हवेत गेलेलं असतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधले अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. खाटेखाली कॉइल लावून वर नातवाला निजवणाऱ्यांनी हा आकडा वाचावा. बिनधुराची म्हणून विकतात ती कॉइलही जळतेच. कोळशाच्या पुडीची असेल तर धूर कमी दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइड निघतोच, आणि तो ना दिसतो ना वास देतो.

लिक्विडमध्ये जळत काही नाही, म्हणून फुप्फुसाला ते बरं, एवढं आजीचं खरं. पण त्याचा धोका बाटलीत असतो. आतलं द्रावण बरंचसं रॉकेलच्या जातीचं. आमच्या ओळखीच्या घरात रांगत्या पोराने गुडघ्याएवढ्या उंचीच्या बोर्डातून मशीन उपसलं आणि बाटली तोंडाला लावली. घरच्यांनी मीठपाणी पाजून उलटी करवली. नेमकं तेच करायचं नसतं! उलटी होताना ते तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. पोटापेक्षा भीती त्याची. उलटी न करवता, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

आमच्या घरी आता मशीन उंचावरच्या बोर्डात असतं. झोपण्याआधी तासभर लावतो, मग बंद करून खिडकी उघडतो आणि मच्छरदाणी सोडतो.

आणि डेंग्यूचा डास? तो चावतो दिवसा, मशीन बंद असताना. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं म्हणून भरून ठेवलेल्या आपल्याच ड्रममध्ये तो वाढतो. ड्रमच्या तोंडावर जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधलं, तर त्याला कॉइलही नको नि लिक्विडही.